चार बोटं आत

काकांना बोलवायचं की नाही, यावरून घरात आठवडाभर महाभारत झालं होतं. ते खरंच येतील हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यामुळे रविवारी सकाळी गोदीच्या फाटकाशी, पहारेकऱ्याच्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले काका दिसले, तेव्हा सगळ्यांचीच पंचाईत झाली. दादाने गाडी पन्नास पावलं अलीकडेच थांबवली आणि इंजिन चालूच ठेवलं.

"आले की हे," तो म्हणाला.

"बोलावलं म्हणून आला," मागून आत्या म्हणाली. "तुम्ही काय, न येण्यासाठी बोलावलं होतंत?"

आत्याच्या शेजारी अप्पा खिडकीला नाक लावून बसले होते. पुढच्या सीटवर पट्टी होती, मांडीवर नकाशांची गुंडाळी घेऊन. लहानपणी अप्पांची घडीची फूटपट्टी पळवून ती घरातली माणसं, टेबलं, झोपलेली मांजर असं सगळं मोजत फिरायची, तेव्हापासूनचं हे नाव. आता पन्नाशी आली, जुन्या इमारती दुरुस्त करून नव्या कामाला लावणारी वास्तुकार म्हणून बाहेर नाव झालं, कामावर चाळीस माणसं तिला मॅडम म्हणायची. घरात मात्र पट्टीची पट्टीच राहिली.

"हे कोण बसलेत?" अप्पांनी विचारलं.

"काका आहेत, अप्पा. तुमचा धाकटा भाऊ."

"छे. धाकट्याचे केस काळेभोर आहेत," अप्पा म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. सकाळी त्यांनी दादालाही विचारलं होतं, आपण कुठल्या खात्यातले म्हणून.

या भेटीचं खापर पट्टीच्याच डोक्यावर फुटणार होतं आणि ते तिला माहीत होतं. नौदलाने ही गोदी सोडून बारा वर्षं झाली होती. तिथलं आखणीघर, म्हणजे तीन मजली दगडी इमारत, सरकारने आता पाय गमावलेल्या माणसांसाठी द्यायची ठरवली होती. खालच्या दोन मजल्यांवर कृत्रिम पाय बनवायचे आणि वरच्या मजल्यावर, जिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही खांब नाही अशा प्रचंड दालनात, ते पाय लावून माणसांना चालायला शिकवायचं. ते काम पट्टीकडे आलं होतं. आणि त्याच वरच्या मजल्याच्या लाकडी जमिनीवर अप्पांनी एकवीस वर्षं गुडघे टेकून बोटींच्या रेषा काढल्या होत्या. बोट जेवढी मोठी, रेघाही तेवढ्याच मोठ्या. सुरीने जमिनीत कोरायच्या, त्यांवर पातळ फळ्यांचे फर्मे बेतायचे आणि त्या फर्म्यांवरून सुतारांनी बोटीच्या बरगड्या कापायच्या, अशी तिथली रीत.

त्या सुतारांतले एक होते काका.

अडतीस वर्षांपूर्वी, कामगारांना पलीकडच्या धक्क्यावर नेण्यासाठी बांधलेली सव्वीस नंबरची बोट पहिल्याच चाचणीला वळण घेताना एका कुशीवर गेली आणि पुन्हा सरळ झाली नाही. वरचे तिघे पोहत काठाला आले. खाली इंजिनाशी असलेला माणूस आला नाही. तो माणूस म्हणजे आत्याचा नवरा, पट्टीचे आतोबा. चौकशी बसली. काकांनी साक्ष दिली की मी रेषेवर कापलं, रेषच चुकली होती, बोटीचं पोट आत घेतलं होतं, म्हणून ती अरुंद होऊन कलंडली. अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, मला काही सांगायचं नाही. झालं. अप्पांची आखणीदारी गेली आणि निवृत्त होईपर्यंत ते भांडारात खिळ्यांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले. आईने काकांना दार बंद केलं. सख्ख्या भावाच्या विरोधात बोलला तो माझ्या घरात नको, असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली, आणि ती गेली त्या दिवशीही काका रस्त्यापलीकडे उभे राहून तसेच परत गेले. आत्या मात्र अप्पांच्याच घरात राहिली आणि दर महिन्याला एकदा काकांकडे जाऊन यायची. कुणी तिला विचारलं नाही, तिने कुणाला सांगितलं नाही.

मग महिन्यापूर्वी आखणीघराच्या जमिनीवरचा काळा रंग पट्टीच्या माणसांनी उतरवला आणि खालून एकेक करून जुन्या बोटी वर आल्या. कोपऱ्यात कोरलेला सव्वीसचा आकडा तिला सापडला तेव्हा तिने दालनाचं दार आतून लावून घेतलं होतं. कागदपत्रांच्या दप्तरातून तिने त्या बोटीचा मूळ नकाशा काढला, यंत्राने जमीन इंच न इंच टिपली, दोन्ही एकावर एक ठेवून पाहिली. रेष तंतोतंत होती. कुठे केसाचा फरक नाही. म्हणजे अप्पा बरोबर होते. म्हणजे काका खोटं बोलले होते.

हे तिने दादाला फोनवर सांगितलं आणि तासाभरात तिला पस्तावा झाला. दादाला आयुष्यभर हेच ऐकायचं होतं. "त्यांना आणू," तो म्हणाला होता. "त्यांच्या डोळ्यांनी बघू देत. आणि अप्पांच्या समोर." सोमवारपासून जमिनीवर रबराचा थर चढणार होता. फक्त एक पट्टा काचेखाली उघडा ठेवायचा आणि शेजारी पाटी लावायची, असं पाय बनवणाऱ्या केंद्राशी ठरलं होतं. कुठला पट्टा, ते पट्टीने ठरवायचं होतं. तिने सव्वीस नंबर ठरवला होता. पाटीवरचा मजकूरही लिहून ठेवला होता, अप्पांच्या नावासकट.

लिफ्ट अजून बसली नव्हती. आत्याने खाली उभं राहून जिन्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझे गुडघे घेऊन तुम्ही वर जा, मी इथेच थांबते." मग स्वतःच पहिली पायरी चढली. अप्पा मात्र सगळ्यांच्या पुढे होते. सकाळी ज्यांना बाथरूमचं दार सापडत नाही ते अप्पा वळणावर न बघता कठड्याला हात लावत होते, खिळखिळ्या पायरीवर आपोआप कडेला पाय टाकत होते. काका सगळ्यांच्या मागे. फाटकापासून इथपर्यंत त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं, फक्त आत्याला म्हणाले होते, "तू नको होतंस यायला."

वरच्या दाराशी अप्पा थांबले आणि त्यांनी चपला काढल्या. काकांनीही बूट काढले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, पण काढले एकदमच.

"आज सुट्टी आहे का?" अप्पांनी आत डोकावून विचारलं. "कुणीच दिसत नाही."

दालन रिकामं होतं. दोन्ही बाजूंच्या उंच खिडक्यांतून ऊन येत होतं आणि रंग उतरवलेल्या जमिनीवर शेकडो रेषा एकमेकींत घुसून पसरल्या होत्या. एका टोकाला रबराच्या गुंडाळ्या रचून ठेवल्या होत्या आणि चालायला शिकणाऱ्यांनी धरायचे दोन लांब दांडे भिंतीला टेकवलेले होते.

दादाने वेळ घालवला नाही. तो सव्वीसच्या आकड्यापाशी जाऊन उभा राहिला आणि पट्टीच्या हातातून नकाशा घेतला. "काका, इकडे या. हा मूळ नकाशा. ही अप्पांनी काढलेली रेष. पट्टीने यंत्राने मोजलीये. सांग गं त्यांना."

"जुळते," ती म्हणाली.

"जुळते," दादा म्हणाला. "अडतीस वर्षं. माणूस भांडारात सडला. आईने त्याच दुःखात दिवस काढले. आणि रेष बरोबर होती. आता काय म्हणायचंय तुम्हाला?"

काकांनी नकाशा हातात घेतला नाही. ते रेषेच्या कडेला आले, थोडा वेळ खाली बघत राहिले आणि मग अनवाणी पाऊल जमिनीवरून हळूहळू सरकवू लागले, अंधारात पायरी शोधावी तसं. पट्टीला कळेना हे काय चाललंय. काकांचं पाऊल पोटाच्या वळणापाशी आलं, रेषेच्या आत सरकलं आणि थांबलं.

"मी कापलं ती ही नव्हे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ही नंतरची. मी कापलं ती इथे आहे. हात लावून बघ."

दादा हसला. पट्टी मात्र गुडघ्यावर बसली. बोट फिरवलं तर काहीच लागेना. फळी गुळगुळीत होती. तिने पर्समधून चाकू काढला आणि काकांच्या अंगठ्यापुढे टोकाने टोकरलं. लाकडाच्याच रंगाचं काहीतरी भुगा होऊन वर आलं, आणि खाली खाच होती. ती पुढे टोकरत गेली. वीतभर, हातभर. खाच वळत होती. दुसरी एक रेष पहिलीच्या आतून, तिला धरून चालली होती. पोटाच्या वळणावर ती तिच्यापासून सगळ्यांत दूर होती, वर आणि खाली जाताना पहिलीला मिळत होती.

तिने टेप लावला. मग पुन्हा लावला. आकडा वेगळा आला, टेप वळणावर सरकत होता. तिसऱ्यांदा तिने टेप बाजूला ठेवला आणि हात आडवा टेकवला.

"चार बोटं," ती म्हणाली. "चार बोटं आत आहे."

"दोन्ही बाजूंनी मिळून आठ," काका म्हणाले. "मी चौकशीत हेच सांगितलं होतं."

पट्टीला वाटलं, जमीन तिनेच मोजली, यंत्र तिचं, नकाशा तिने काढला, मग हे कसं सुटलं? यंत्राने जे वर होतं तेच टिपलं होतं. भरलेलं कसं टिपणार? तिने दादाकडे पाहिलं. तो मोठा, हजार कामं एका हाती सांभाळणारा माणूस, नकाशाची सुरळी करून तिच्यात बघत उभा होता.

"हे कुणी भरलं?" त्याने विचारलं. "काका, हे तुम्ही..."

"मला त्या दिवसानंतर या मजल्यावर पाय ठेवू दिला नाही कुणी. आज ठेवतोय."

"मग कुणी?"

अप्पा इतका वेळ खिडकीपाशी होते. ते येऊन पट्टीच्या शेजारी उकिडवे बसले. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते असे बसू शकतात हे घरात कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी तो भुगा चिमटीत घेतला, चोळला आणि वास घेतला.

"कशाला काढतेस?" ते तिला म्हणाले. "भुसा आणि सरस आहे. नीट भरलीये मी."

"तुम्ही भरली, अप्पा?"

"मग कोण भरणार? सत्तावीस नंबर बांधायची होती याच रेषांवरून. ती काय तशीच ठेवायची? नवी काढली, जुनी भरली. दोन दिवस दिले होते साहेबांनी. मग म्हणाले, आता भांडारात जा."

दादाचा चेहरा पट्टीला बघवेना. लहानपणापासून ज्या एका गोष्टीवर तो उभा होता तीच पायाखालून गेली होती. "म्हणजे चूक तुमची होती?" तो म्हणाला. "अप्पा, इकडे बघा. काका खरं बोलत होते आणि तुम्हाला माहीत होतं? आई आयुष्यभर त्यांना शिव्या देत राहिली आणि तुम्ही ऐकत राहिलात?"

"चूक नव्हती ती," अप्पा म्हणाले.

"चार बोटं आत म्हणजे चूक नाही?"

"चूक कशी? सांगितलं तसं काढलं."

"कुणी सांगितलं?"

अप्पांनी मान वर केली. त्यांची नजर दादावरून पुढे गेली, आत्यावर थांबली नाही, आणि काकांवर येऊन स्थिरावली. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम ओळखीचं हसू आलं, वाट बघून दमलेल्या माणसाला यावं तसं.

"दाजी," ते काकांना म्हणाले, "बरं झालं तुम्हीच आलात. आता तुम्हीच सांगा बाबा यांना."

पट्टीला आधी काही उमगलंच नाही. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. अप्पा आतोबांना दाजी म्हणायचे, हे तिला अंधुक आठवत होतं. काका तर पांढरेफटक पडले होते. त्यांनी "अप्पा, मी..." एवढंच म्हटलं आणि आत्याकडे पाहिलं.

आत्या दारापाशी, रंगाऱ्याच्या उलट्या डब्यावर बसली होती. पदराने मान पुसत होती. ती म्हणाली, "हो म्हण."

"अगं पण..."

"हो म्हण त्याला."

काकांनी ओठांवरून जीभ फिरवली. मग ते अप्पांसमोर खाली बसले. आयुष्यभर भावाला अरेतुरे करणारा तो माणूस म्हणाला, "हो अप्पा. तुम्ही सांगा. मला नीट सांगता यायचं नाही."

"मला तरी कुठे येतं," अप्पा म्हणाले. त्यांनी दादाकडे वळून, तो साहेबच आहे अशा आवाजात सुरुवात केली. "हे आले होते माझ्याकडे. म्हणाले, अप्पा, इंजिन जड दिलंय, बोट रेंगाळणार. पोट जरा आत घ्या, म्हणजे पाणी कापेल. मी म्हटलं दोन बोटं घेतो. तर म्हणाले चार घ्या. मी म्हटलं वरून विचारावं लागेल. म्हणाले, वरचे कधी हो म्हणणार नाहीत, माझ्यासाठी घ्या. आता बहिणीचा नवरा. दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा घेतलं." ते थांबले. "मी घ्यायला नको होतं. रेष माझी होती. पण चुकून नव्हती गेली आत."

मग ते पुन्हा काकांकडे वळले आणि त्यांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "चौकशीत तुमचं नाव घेतलं नाही मी, दाजी. मेलेल्या माणसावर कसं ढकलायचं? आणि घरात ती समोर. तिच्या ताटात वाढताना मी काय तोंड दाखवलं असतं?"

काकांनी त्या हाताकडे पाहिलं.

"बरं केलंत," ते म्हणाले.

"आणि धाकट्यावर राग धरू नका. तो खरं तेच बोलला. त्याने बरोबर कापलं होतं. त्याच्यासारखा हात गोदीत नव्हता. मला त्याला जाऊन सांगायचं होतं, बाबा, तू बरोबर आहेस. पण ते सांगायचं म्हणजे पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून गेलो नाही. रस्त्यात दिसला तरी मीच वळून जायचो. त्याला वाटत असेल मी रागावलोय."

"नाही," काका म्हणाले. त्यांनी अप्पांचा हात तसाच राहू दिला. "त्याला तसं नाही वाटत."

दादा खिडकीकडे गेला. पट्टी उठून त्याच्या मागोमाग गेली. खाली धक्क्यावर ऊन तापलं होतं आणि दोन माणसं लिफ्टची पोलादी चौकट ओढत नेत होती.

"हे खरं कशावरून?" दादा खालच्या आवाजात म्हणाला. "तूच सांग. सकाळी त्यांना मी ओळखू आलो नाही. परवा आईला हाका मारत होते. आत्ता काकांना आतोबा समजतायत. अशा माणसाच्या बोलण्यावर कुणाचा दोष आणि कुणाचा नाही हे आपण ठरवायचं?"

"मला नाही माहीत," पट्टी म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. तिच्याकडे आता दोन रेषा होत्या, दोन्ही खऱ्या, आणि त्यांच्या मधल्या चार बोटांत काय झालं हे मोजायला कुठलं साधन नव्हतं. आतोबांचा चेहराही तिला धड आठवेना. "काका खोटं बोलले नव्हते, एवढं नक्की. बाकी काहीच नक्की नाही."

"मग आत्याला का हे ऐकवलं आपण?" दादा म्हणाला. "मीच आणलं तिला. तिच्या नवऱ्यानेच स्वतःच्या हाताने..."

मागे आत्या उठली होती. डब्याचा आवाज झाला म्हणून दोघांनी वळून पाहिलं. ती सावकाश, एकेक रेष ओलांडत, चपला हातात घेऊन येत होती. ती अप्पांजवळ आली आणि काकांच्या खांद्याचा आधार घेऊन कशीबशी खाली बसली. पट्टीला वाटलं आता ती काहीतरी बोलेल आणि ते ऐकायला आपण इथे नसतो तर बरं झालं असतं.

"आणखी काय म्हणाले ते?" आत्याने विचारलं.

"कोण?" अप्पा म्हणाले.

"दाजी. पोट आत घ्या म्हणाले, ते कळलं. आणखी काय म्हणाले?"

अप्पांनी काकांकडे पाहिलं, जणू परवानगी हवी होती. काकांनी मान हलवली.

"म्हणाले, बोट झपाट्याने जायला हवी. पाण्यावर जेवढा कमी वेळ तेवढं बरं. म्हणाले, हिला पाण्याची फार भीती वाटते. एकदा ही बोट पाण्यात पडली की तिला पलीकडे घेऊन जाईन, तिला कळायच्या आत आम्ही पोहोचलेले असू."

दादा पुटपुटला, "बघ, आता हे कुठून काढलं." आत्याला पाण्याची भीती. रोज सकाळी गोदीच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरणारी, पट्टीला आणि दादाला मानेला धरून पोहायला शिकवणारी आत्या.

पण आत्या खाली मान घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. पट्टी धावत तिच्याजवळ गेली. जवळ गेल्यावर तिला कळेना ती हसतेय की रडतेय.

"मला कसली भीती," आत्या म्हणाली. "त्यांनाच वाटायची. नौदलाच्या गोदीत नोकरी आणि पाण्याला घाबरायचे. होडीत बसले की माझा हात इतका घट्ट धरायचे की बोटं पांढरी पडायची. आणि लोकांना सांगायचे, हिला भीती वाटते म्हणून धरलाय. सगळ्यांना हेच सांगायचे. मी कधी कुणाला खरं सांगितलं नाही." तिने पदराने डोळे पुसले. "अप्पालाही माहीत नव्हतं. हे तेच बोललेत. दुसरं कुणी असं बोलणारच नाही."

दादा खिडकीपाशीच उभा होता, पण आता तो त्यांच्याकडे बघत होता.

"अडतीस वर्षं मी म्हणत होते की त्या शेवटच्या महिन्यात ते काय बोलले, काय नाही, मला काही आठवत नाही," आत्या म्हणाली. "मला वाटायचं, मी विसरले. आता कळलं, मला सांगितलंच नव्हतं त्यांनी. याला सांगत होते."

"तुला राग नाही आला?" पट्टीने विचारलं.

"येईल," आत्या म्हणाली. "घरी गेल्यावर येईल. याच्यावरही येईल, त्यांच्यावरही येईल. आत्ता मला ऐकू दे."

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि जमिनीचं काम करणारा मुकादम दारात आला. आत एवढी माणसं जमिनीवर बसलेली बघून तो बिचकला. "मॅडम, काचेचा पट्टा कुठे सोडायचा ते खूण करून ठेवता का? उद्या सकाळी माणसं येतील."

पट्टीने पर्सला हात लावला. आत तो पाटीचा मजकूर होता, चार ओळींचा, स्वच्छ अक्षरात. त्यातलं एकही वाक्य आता ठेवण्यासारखं उरलं नव्हतं आणि नवं काय लिहायचं हे तिला सुचत नव्हतं. कुणाची रेष? कुणाची चूक? तिने आत्याकडे पाहिलं.

"इथे ती माणसं चालायला शिकणार ना?" आत्याने विचारलं.

"हो."

"नवे पाय लावून?"

"हो."

"मग मध्ये काच कशाला घालतेस? घसरून पडायला? झाकून टाक सगळं."

"आत्या, एकदा रबर चढलं की कुणाला काही दिसणार नाही."

"न दिसू दे. ज्यांना बघायचं होतं त्यांनी बघितलं." मग तिने त्या अर्धवट उघड्या पडलेल्या खाचेवर तळहात ठेवला. "पण ही अशी अर्धी नको. झाकायच्या आधी पूर्ण मोकळी कर. आणि पुन्हा भरू नका."

मुकादमाने खाच वाकून पाहिली. "नखाएवढी तर आहे," तो म्हणाला. "रबराला कळणारही नाही." आणि काही न विचारता खाली निघून गेला.

चाकू एकच होता. काकांनी तो पट्टीच्या हातून घेतला, धार अंगठ्यावर पाहिली, आणि ती जिथे थांबली होती तिथून पुढे टोकरायला सुरुवात केली. एकाहत्तराव्या वर्षीही हात असा चालत होता की भुगा एका ओळीत वर येत होता. थोड्या वेळाने दादा आला. त्याने कोपऱ्यातल्या हत्यारांच्या पेटीतून एक पातळ पटाशी उचलली होती. तो रेषेच्या दुसऱ्या टोकाला बसला. काकांकडे न बघता म्हणाला, "अशीच धरायची ना?"

"जरा तिरकी," काका म्हणाले. "आणि जोर नको लावूस. आत खाच आहेच. ती तुला नेईल."

दादाने तिरकी धरली. पहिल्यांदा निसटली, दुसऱ्यांदा लागली. पट्टी दोघांच्या मध्ये बसून बोटाने भुगा बाजूला सारत होती. काकांना ती काय म्हणणार होती ते तिने मनात चार वेळा जुळवलं, पण ते सगळं त्या कामापुढे ओशाळवाणं वाटलं, म्हणून तिने फक्त त्यांच्या बाहीवरचा भुसा झटकला. त्यांनी झटकू दिला.

अप्पा रेषेच्या कडेकडेने गुडघ्यांवर सरकत होते, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, आणि "सावकाश, सावकाश" म्हणत होते. आत्या मधूनच त्यांना काहीतरी विचारायची आणि ते सांगायचे. काही सांगितलेलं खरं वाटायचं, काही दुसऱ्याच कुणाचं. एकदा त्यांनी आतोबांच्या नावावर आईचं बोलणं सांगितलं. आत्या सगळंच ऐकून घेत होती.

दोन्ही टोकं पोटाच्या वळणापाशी एकमेकांच्या जवळ आली. काकांची पाठ दुखत असणार, पण ते थांबले नाहीत. अप्पांनी दालनाच्या दाराकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग ते काकांच्या कानाजवळ वाकले.

"दाजी, धाकटा नाही आला अजून?"

काकांनी चाकू खाली ठेवला.

"आलाय, अप्पा," ते म्हणाले.